संतमालेत नसलेली नावं

जळगावला राहायला आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला पित्तावरची गोळी मागितली. मी म्हटलं, माझ्याकडे कुठली गोळी? तर म्हणाल्या, "असं कसं, वहिनी म्हणाल्या तुम्ही केमिस्ट आहात म्हणून." माझी बायको शालिनी त्यांना 'कॅटेकिस्ट' म्हणाली होती. मी खुलासा करायला गेलो, "काकू, मी चर्चमध्ये धर्मशिक्षक आहे." काकूंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं, मग डोकेदुखीवरची तरी असेल."

आधीची धुळ्याची धरून एकूण एकतीस वर्षं मी हेच काम केलं, आणि त्यातली बरीचशी हे काम नक्की काय आहे ते समजावण्यात गेली. इथेही समजावतो, म्हणजे वाचकांनी गोळ्या मागायला नकोत. कॅथलिक चर्चमध्ये फादर असतात. मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, तेच करतात, पापनिवेदन तेच ऐकतात. पण खानदेशात एका फादरच्या वाट्याला दोन-तीन तालुके येतात. मग लहान मुलांना प्रार्थना शिकवायच्या, लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग घ्यायचे, डोंगरातल्या पाड्यांवर रविवारची प्रार्थना चालवायची, आजाऱ्याला भेटायचं, मयताला उभं राहायचं, ही सगळी कामं धर्मशिक्षकाकडे येतात. आम्ही लग्न करतो, बाजार करतो, मुलांच्या शाळेच्या रांगेत उभे राहतो. फादर आजारी पडले तर लोक देवाची प्रार्थना करतात. मी आजारी पडलो की म्हणायचे, "मग खुर्च्या कोण मांडणार?"

माझं शिक्षण बारावी आणि वर दोन वर्षांचा धर्मशिक्षणाचा कोर्स. त्या कोर्सात एक प्रश्नोत्तरांची जुनी पुस्तिका पाठ करून घेतली होती. देव कोण आहे? देवानं आपल्याला कशासाठी निर्माण केलं? असे प्रश्नांमागून प्रश्न आणि प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर. मला ती शेवटपर्यंत तोंडपाठ होती. मधूनच कुठला आकडा सांगितला तरी मी उत्तर म्हणून दाखवायचो. या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की लग्नाच्या आधी शालिनीला भेटायला गेलो तेव्हा मी तिला एक आकडा सांगायला लावला. तिनं सतरा सांगितला. सतराव्या प्रश्नात नरकाचं वर्णन होतं. तिनं तरीही होकार दिला, हे तिचं मोठेपण.

चंपालालशेठची गोष्ट आधी सांगतो, कारण ती हसण्यासारखी आहे. शेठजी मूळचे राजस्थानचे, जळगावात काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान. चर्चमधल्या संत अंतोनीच्या तसबिरीची काच तडकली होती, ती बदलायला मी गेलो. शेठजींनी तसबीर उलटीसुलटी करून पाहिली.

"हे तुमचे देव का?"

"देव नाही शेठजी, संत. आपल्यासारखाच माणूस. देवाजवळ पोहोचलेला. आपण त्यांना म्हणायचं, तुम्ही तिथं जवळ आहात, आमच्यासाठी जरा शब्द टाका."

"म्हणजे वशिला."

मला हे पुस्तिकेतल्या उत्तरापेक्षा बरं वाटलं. मी हो म्हणालो आणि हुरळून पुढे बोललो की हे संत अंतोनी हरवलेल्या वस्तू सापडवून देण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

दुसऱ्याच दिवशी शेठजींचा फोन. काचेच्या गोदामाची किल्ली हरवली होती. घर शोधलं, दुकान शोधलं, गड्यांना विचारलं. "मास्तर, तुमच्या त्या साहेबांना जरा सांगा ना."

आता माझी आणि संताची, दोघांची अब्रू पणाला लागली. मी तीन दिवस मनापासून प्रार्थना केली. शेठजी रोज फोन करून विचारायचे, "काही कळलं का?" चौथ्या दिवशी शालिनीनं माझी कापडी पिशवी धुवायला काढली, तर तळाशी पितळी किल्ली. तसबिरीचे जुने खिळे आणि दोरी पिशवीत भरताना मी काउंटरवरची किल्लीही भरली होती.

खरं सांगतो, दुकानात जाताना माझा बेत असा होता की किल्ली हळूच काउंटरच्या मागे टाकायची आणि थोडा वेळ शोधल्यासारखं करून सापडवायची. संताचं नाव राहील, माझंही राहील. पण शेठजींनी समोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि इतक्या आशेनं माझ्याकडे पाहिलं की मी किल्ली काढून सरळ त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "माझ्याच पिशवीत होती."

शेठजी पोट धरून हसले. "अरे म्हणजे तुमच्या संतानं काम चोख केलं! चोर कोण तेही दाखवलं." त्यानंतर मी दुकानात शिरलो की ते आधी काउंटरवरचं सगळं उचलून आत ठेवायचे, मग म्हणायचे, "या मास्तर, बसा."

अशा गोष्टी मी नंतर वर्षानुवर्षं रंगवून सांगितल्या. पण एक गोष्ट मी सांगत नव्हतो. शालिनीलाही सांगितली नव्हती. ती बाहेर आली अस्मितामुळे.

अस्मिता पहूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. चर्चमध्येच वाढलेली मुलगी, लग्न ठरलं होतं, आणि लग्नाआधीचे सहा वर्ग माझ्याकडे होते. त्या वर्षी चार जोडपी होती. तिसऱ्या वर्गाचा विषय होता 'मुलांना श्रद्धेत कसं वाढवावं'. मी देवानं मातीपासून माणूस घडवला तिथून सुरुवात केली. अस्मितानं हात वर केला.

"सर, मी कॉलेजात उत्क्रांती शिकवते. माणूस माकडासारख्या पूर्वजांपासून लाखो वर्षांत हळूहळू घडत आला, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगते. उद्या माझंच लेकरू विचारेल, आई, खरं काय? तर घरी काय सांगू?"

हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता. पण मी काही पहिल्यांदा अडचणीत सापडत नव्हतो. मी म्हटलं, "सोपं आहे. कॉलेजात कॉलेजचं, चर्चमध्ये चर्चचं. चप्पल कशी आपण दाराबाहेर काढून येतो?"

"डोकंही बाहेरच काढून ठेवायचं का, सर?"

बाकीची तिन्ही जोडपी हसली. अस्मिताचा होणारा नवरा हसला नाही. तो माझ्याकडे दयेनं पाहत होता. मीही हसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण अस्मिता हसत नव्हती. ती म्हणाली, "चेष्टा नाही करत, सर. मला खरंच एक गोष्ट छळते. येशूच्या जन्माआधी लाखो वर्षं माणसं होती. गुहांमध्ये राहिली, थंडीत मेली. त्यांच्यातल्या आयांनी लेकरं पुरली. त्या लेकरांना कोणी बाप्तिस्मा दिला नाही, त्यांना कोणाचं नावच माहीत नव्हतं. देवाच्या हिशेबी ती कुठे आहेत?"

मी पुस्तिका उघडली. पानं चाळली. अनुक्रमणिका पाहिली, जणू तिथं 'गुहा' असा शब्द असणार होता. आणि पानं चाळता चाळता माझे हात थांबले. गुहांचं काही नव्हतं, पण बाप्तिस्मा न झालेल्या लेकरांबद्दलचं उत्तर तिथं होतं, आणि ते मी एकदा दिलेलं होतं. एका आईला, तोंडावर.

"पुढच्या वर्गात बोलू," असं म्हणून मी वर्ग सोडला. अजून वीस मिनिटं बाकी होती.

तेव्हा जळगावला फादर दुमिंग होते. वसईकडचे, साठी उलटलेली, दगडांचे वेडे. तरुणपणी भूगर्भशास्त्र शिकून मग फादर झालेले. त्यांच्या खोलीत येशूच्या मूर्तीशेजारी, खिडकीत, पुस्तकांवर, सगळीकडे दगड. जीपमध्ये पुढच्या काचेखाली इतके दगड की वळणावर ते एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गडगडत जायचे. सर्व संतांचा सण दोन दिवसांवर आला होता. साक्रीकडचे फादर आजारी होते, म्हणून सणाच्या सकाळी डोंगरातल्या पाड्यांवरची मिस्सा करायला फादर दुमिंग निघाले आणि मला म्हणाले, "चल, तुला तो भाग माहीत आहे."

माहीत होता. मला जायचं नव्हतं. पण खुर्च्या कोण मांडणार?

धुळं मागे पडलं तेव्हा मी अस्मिताचा प्रश्न काढला. म्हणजे पहिला अर्धा, माकडाचा. फादर लगेच खुलले. साक्रीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला काळ्या दगडाची लांबच लांब भिंत जमिनीतून वर आलेली दिसते, कोणीतरी बांधून अर्धवट सोडल्यासारखी. त्या भागात अशा भिंती खूप आहेत. मी त्या बसमधून शेकडो वेळा पाहिल्या होत्या आणि कोण्या राजानं बांधल्या असतील असं समजत होतो. फादरांनी जीप थांबवली, मला उतरवलं आणि त्या दगडावर माझा हात ठेवला.

"ही भिंत कोणी बांधली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख लाव्हाखाली गेला. जमिनीला भेगा पडल्या, खालून लाव्हा त्यात शिरला आणि थंड झाला. वरची माती वाहून गेली, हा उरला. तेव्हा माणूस नव्हता. माणूस यायला अजून खूप उशीर होता."

"मग आदाम, फादर?"

"उत्पत्तीचं पुस्तक काय सांगायला बसलंय? आपल्याला कोणी केलं आणि कशासाठी. किती वर्षं लागली हे त्याला विचारू नकोस, ते या दगडाला विचार. देव घडवतो यावर आपला विश्वास. तो घाईनं घडवतो असं कोण म्हणालं? तेराशे-चौदाशे कोटी वर्षांचं विश्व आहे, विल्सन. तुझ्या रक्तातलं लोहसुद्धा कुठल्यातरी ताऱ्यात तयार झालेलं आहे."

माझ्या रक्तात लोह कमी आहे म्हणून शालिनी मला रोज बीट खायला घालते. ताऱ्यांपासून इथवर येताना माझा वाटा कुठेतरी सांडला असावा. पण त्या दिवशी मला विनोद सुचत नव्हता. त्या दगडावर हात ठेवून मी प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग विचारला. आणि मग मला राहवलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट मी फादरांना सांगून टाकली.

तेव्हा माझी नेमणूक धुळ्याला होती आणि साक्रीच्या पश्चिमेचे पाडे माझ्याकडे होते. त्यातल्या एका पाड्यावर रूपाअक्का राहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. नवरा डोंगरउतारावर नागली पिकवायचा. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला पहिली मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. फार अशक्त. पाड्यावरचा एक माणूस साक्रीपर्यंत चालत आला आणि त्यानं धुळ्याला फोन केला: फादर नसले तर मास्तरांना पाठवा, लेकराच्या डोक्यावर पाणी घाला.

फादर बाहेरगावी होते. पण जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा धर्मशिक्षकही देऊ शकतो. खरं तर कोणीही देऊ शकतं. लेकराची आई, आजी, शेजारी, ज्याच्या हातात पाण्याचा तांब्या असेल तो. डोक्यावर पाणी घालायचं आणि एक वाक्य म्हणायचं, बस्स. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. मी ते पाड्यांवर कधी शिकवलं नव्हतं. का नाही? तेव्हा विचारलं असतं तर म्हणालो असतो, लोक चुका करतील. खरं कारण मला नंतर कळलं. ते त्यांना आलं असतं, तर मला बोलवायचं कशाला?

त्या दिवशी धुळ्यात महागुरुस्वामींच्या, म्हणजे बिशपांच्या, भेटीची तयारी चालू होती. स्वागतगीताची तालीम माझ्याकडे होती. मी म्हटलं, उद्या सकाळच्या पहिल्या बसनं जातो. तालीम छान झाली.

दुसऱ्या दिवशी साक्रीची बस वाटेत बंद पडली. पाड्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि घरासमोर माणसं बसली होती. मुलगी सकाळीच गेली होती. रूपाअक्का भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिनं अहिराणीत एकच विचारलं, "मास्तर, मनी पोर कोठे गई?"

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. तिच्याजवळ खाली बसावं, रडावं, निदान गप्प बसावं, यातलं काही मला सुचलं नाही. मला पुस्तिकेतलं उत्तर आठवलं. मी ते उभ्यानं म्हटलं. बाप्तिस्मा न झालेली लेकरं स्वर्गात जात नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळी जागा असते, तिथं त्यांना दुःख नसतं, पण देवाचं दर्शनही नसतं. एकही शब्द चुकला नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी दर महिन्याला त्या पाड्यावर जात राहिलो. रूपाअक्काला पुढे दोन मुलगे झाले. दोघांच्या डोक्यावर मी जन्माच्या आठवड्यातच पाणी घातलं, कोणी न बोलावता. ती मला नेहमी भाकरी वाढायची. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही. मग माझी जळगावला बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

एवढं सांगून मी थांबलो. फादर दुमिंग त्या काळ्या भिंतीवर बसले होते.

"हे पापनिवेदनात कधी सांगितलंस?"

"नाही. पाप आहे असं वाटलंच नाही, फादर. छापलेलं होतं."

"ती शिकवण चर्चनं श्रद्धेचं वचन म्हणून कधीच बांधली नव्हती. विद्वानांना एक कोडं पडलं होतं, त्याचं त्यांनी काढलेलं ते उत्तर. त्या लेकरांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि देवाची दया आपल्या तांब्याएवढी नाही. गुहेतल्या त्या आयांनाही तीच दया. पण ते राहू दे. तू कोड्याचं उत्तर रडणाऱ्या बाईला दिलंस, विल्सन." मग उठून त्यांनी कपडे झटकले. "चल. तिला हे सांगायला मी येणार नाही. मी मिस्साची तयारी करतो. तू जा."

पाड्यावर पोहोचलो तेव्हा रूपाअक्का अंगणात मक्याची कणसं सोलत होती. केस पांढरे झालेले, हात तसेच भराभर चालणारे. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"बठ, मास्तर. पानी पी पहिले. जळगावनं पानी तुले मानवनं नही, कितला वाळी गया तू!"

मी पाणी प्यायलो. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं: आधी क्षमा, मग दया, मग काळ्या दगडाचं उदाहरण. मी सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला अडखळलो. "अक्का, तुमच्या मुलीबद्दल मी त्या दिवशी जे बोललो..." मक्याच्या कणसांकडे पाहत मी कसंबसं सांगितलं की मी चुकीचं बोललो, मी उशिरा आलो, तालमीसाठी थांबलो होतो, आणि पाणी तुम्हालाही घालता आलं असतं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

तिचे हात थांबले. शेवटची गोष्ट तिला माहीत नव्हती. ती म्हणाली, "मी घाली शकतू?"

"हो."

ती समोरच्या डोंगराकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही मला उठायला सांगेल, आणि तसं सांगितलं असतं तर ते बरोबरच होतं. मग तिनं पुन्हा कणीस हातात घेतलं.

"ते तू सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "मना हातनं व्हतं, तर माले बरं वाटतं. पन तू दुसरं जे सांगं, का मनी पोर देवकडे नही गई, ते मी मानंच नही."

"मानलं नाही?"

"देव काय तुनी बसनी वाट देखत बठस का?"

ती कणसं सोलता सोलता सहज बोलत होती. "तू तवय कवळा व्हता. पाठ करेल बोली गया. माले तुनीच कीव उनी, भाऊ. मी तिनं नाव सोनी ठेवं. तुमनी ती संतसनी माळ ऱ्हास ना, तिन्हामा मी दर साल सोनीनं नाव लेस."

संतमाला म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना. पुढे उभा असलेला एकेका संताचं नाव घेतो, आणि लोक एका सुरात म्हणतात, 'आम्हासाठी विनंती कर.' ती वर्षानुवर्षं मीच म्हणत आलो होतो.

"मी असताना घेत होतात? मला कधी ऐकू आलं नाही."

"तू पुढे उभा ऱ्हास. तुले मागलं काय ऐकू येस?" मग म्हणाली, "बठ्ठा संतसनं नाव लेतस तुमी. मंग मनी सोनीनं काब्र नही?"

सोनीचं का नाही, याचं उत्तर या वेळी मी पुस्तिकेत शोधलं नाही. मी एक कणीस उचललं आणि सोलायला लागलो. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "तुले येस नही."

मिस्सा शाळेच्या पटांगणात झाली. सर्व संतांचा सण हा काही फक्त मोठ्या, प्रसिद्ध संतांचा नसतो. ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत, पण जे देवाजवळ आहेत, त्या सगळ्यांचा तो सण. हे मी दर वर्षी शिकवत होतो. संतमाला सुरू केली. मरिया, योसेफ, पेत्र, पौल, नेहमीची यादी. शेवटच्या नावाशी आलो तेव्हा मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं म्हणालो, "सोनी."

मग मागून रूपाअक्काचा एकटीचा आवाज आला, "आम्हासाठी विनंती कर." आणि मग सगळ्यांचा.

मला वाटलं, एवढ्यावर आटपेल. पण मागच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोचं नाव घेतलं. एका बाईनं भावाचं घेतलं. मग कोणी थांबेना. विहिरीत पडून गेलेला मुलगा, साप चावलेली सासू, बाळंतपणात गेलेली बहीण. मी वेदीकडे पाहिलं. शास्त्राप्रमाणे हे चालत नाही. संत कोण हे रोममध्ये खूप चौकशी करून ठरवतात, साक्री तालुक्यात पटांगणात नाही. फादर दुमिंग डोळे मिटून उभे होते आणि सगळ्यांबरोबर म्हणत होते. नावं थांबली तेव्हा त्यांनी स्वतः एक वाढवलं: "या डोंगरात राहिलेली पहिली माय, जिचं नाव फक्त देवाला ठाऊक."

लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते म्हणाले, "आम्हासाठी विनंती कर."

पुढच्या वर्गात मी अस्मिताला ही सगळी हकीकत सांगितली, तालमीसकट. काळ्या भिंतीचंही सांगितलं, पण साडेसहा कोटींच्या जागी साडेसहा लाख म्हणालो आणि तिनं चूक दुरुस्त केली. मग म्हणाली, "म्हणजे सर, तुम्हाला उत्तर माहीत नाही." मी म्हटलं, "नाही. पण ती लेकरं कोणाच्या हाती आहेत ते माहीत आहे." वर्ग घ्यायला लागल्यापासून 'माहीत नाही' हे मी प्रथमच बोललो होतो. ते म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं की पुढची दोन-तीन वर्षं मी ते जरा जास्तच वापरलं; शेवटी शालिनीनं सांगितलं, "निदान मिस्साची वेळ तरी माहीत असू दे."

निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक पाड्यावर एक गोष्ट मात्र नियमानं शिकवली. बायकांना गोळा करायचो, तांब्या हातात द्यायचो आणि ते एक वाक्य पाठ करून घ्यायचो. त्यामुळे मला बोलावणी कमी झाली. एकदा एका पाड्यावर गेलो, तर एका आजीनं तीन धडधाकट नातवंडांवर पाणी घालून ठेवलं होतं, धोका वगैरे काही नसताना. फादर माझ्यावर चिडले. मी मान खाली घातली आणि मनातून खूश झालो.

रूपाअक्का मागच्या वर्षी गेली. मुलांनी कळवलं म्हणून मी गेलो. बस वेळेवर होती. तिथले फादर आता तरुण आहेत, नियमाचे पक्के. दफनाच्या वेळी म्हणायची प्रार्थना त्यांच्या मोबाइलमध्ये होती. ती संपली, माती टाकून झाली, लोक वळणार एवढ्यात तिच्या थोरल्या मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, नाव ल्या ना."

मी म्हटलं, "रूपाअक्का." पाड्यावरच्या सगळ्यांनी मोठ्यानं साथ दिली, "आम्हासाठी विनंती कर." फादर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

मी त्यांना म्हटलं, "माझ्याकडचं पुस्तक जुनं आहे, फादर. तुम्ही पाड्यावरच्या आयांनाच विचारा." आणि मी मुलाबरोबर घराकडे चालू लागलो, कारण चुलीवर भाकरी होती आणि बायका हाका मारत होत्या.